खिडकीमागची काळी चौकट

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. नक्कीकाकांचं तोंड जन्मात कधी कशाने पोळलं नव्हतं, तरी ते ताक फुंकूनच पीत. बसवरची पाटी वाचून झाल्यावरही ड्रायव्हरला विचारत, ही बस तिथेच जाते ना, नक्की? औषधवाल्याने दिलेली गोळी घरी आणून जुन्या पाकिटातल्या गोळीशेजारी ठेवून पाहत. मुलगी जन्मली तेव्हा सगळे ती कोणावर गेली यावर वाद घालत होते आणि हे तिच्या कानामागचा तीळ नीट बघून ठेवत होते, दवाखान्यात उद्या अदलाबदल झाली तर ओळख पटायला हवी म्हणून. बायको म्हणायची, की यमदूत आले तर हे आधी त्यांचं ओळखपत्र मागतील, आणि तेवढ्या वेळात मी डॉक्टरला बोलावून आणीन. 'नक्की?' हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

असा माणूस घरात त्रासदायक असतो, पण रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्याचं सोनं होतं. काका पडताळणीच्या खुर्चीवर बसत. यंत्रांमधून निघालेले आकडे त्यांच्या स्क्रीनवर येत. प्रत्येक रिपोर्ट डोळ्यांखालून घालायचा, सगळं ठीक असेल तर 'पाठवा' हे बटण दाबायचं, काही खटकलं तर 'थांबवा'. पाठवलेला रिपोर्ट थेट माणसाच्या मोबाइलवर जाई. थांबवलेला मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर जाई आणि त्या माणसाला आपोआप निरोप जाई, 'डॉक्टरांना येऊन भेटा'. प्रोग्राम जुना, कूर्मगतीचा. एका रिपोर्टला आधी 'वाचले'वर क्लिक, मग 'सही'वर, मग 'पाठवा', आणि मग मधोमध एक छोटी चौकट उघडून विचारी, नक्की पाठवायचे? तिथे 'हो'. सबंध प्रयोगशाळेत आपल्या स्वभावाचं दुसरं कोणी असेल तर ती चौकट, असं काका म्हणत.

प्रयोगशाळेच्या मॅडमकडे मशिनीच्या कंपनीचा एक विक्रेता अधूनमधून येई. चांगले रिपोर्ट आपोआप पाठवणारी नवी व्यवस्था घ्या, मग पडताळणीला माणूसच नको, असं तो गळी उतरवू पाहत होता. मॅडम त्याला चहा पाजून वाटेला लावत. 'मला माणसाचा एक डोळा हवा, तो माझ्याकडे आहे,' असं त्या म्हणाल्याचं काउंटरवरच्या ताईने काकांना सांगितलं होतं. काका त्या वाक्यावर कित्येक दिवस तरंगत होते. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसावर कोणीतरी डोळे मिटून विश्वास टाकला होता. ती खुर्ची त्यांना जिवापेक्षा प्यारी होती.

आणि नेमकं मनगट दुखायला लागलं. इतकी वर्षं माउस दाबून उजवा हात असा धरला की दुपारनंतर बोटं बधिर व्हायची. काम मागे पडू लागलं. रिपोर्ट तुंबले की मॅडम विचारणार, मॅडमनी विचारलं की विक्रेता आत शिरणार, हे काकांना लख्ख दिसत होतं. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

कळलं ते जावयाला.

जावई हा दहावा ग्रह म्हणतात, आणि हा ग्रह तर घरातच येऊन बसला होता. मुलीच्या भाड्याच्या घराचं छत गळायला लागलं म्हणून दोघं चार दिवसांसाठी म्हणून आली, आणि ते चार दिवस काही संपेनात. मुलगी सकाळी कामाला जाई. जावई मात्र अर्ध्या चड्डीत आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसे. तो नेमकं काय करतो, हे काकांनी लग्नाआधीच खोदून विचारलं होतं. स्क्रिप्ट लिहितो, तो म्हणाला होता. ज्या कचेऱ्यांत जुने प्रोग्राम आहेत तिथे माणसांना तीच तीच बटणं दिवसभर दाबावी लागतात. मी असं काहीतरी लिहून देतो की माउस आपला आपण फिरतो आणि क्लिक करतो. काकांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. माणसाच्या हाताशिवाय हलणारा माउस ही काही सज्जनाघरची गोष्ट नव्हे. त्या दिवसापासून ते जावयाला पाण्यात पाहत, आणि बोलताना मात्र 'जावईबापू' म्हणत.

एका सकाळी चहा पिताना जावयाने विचारलं, की बाबा, तुम्ही हल्ली कप डाव्या हाताने का धरता? घरात बायको होती, मुलगी होती, आणि दिसलं ते याला. काकांना आधी बरं वाटलं आणि लगेच वाटलं, हा माझ्यावर नजर ठेवून आहे.

पण हात दुखत होता, आणि गरजवंताला अक्कल नसते. शेवटी काकांनी सगळं सांगितलं. जावई दुपारच्या सुट्टीत डबा द्यायच्या निमित्ताने पडताळणीच्या खोलीत आला. आधी त्याने विचारलं, मॅडमना विचारलंत ना? काका म्हणाले, हो, विचारलं. विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मनगट बाहेर पडलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खात्री मागणाऱ्या माणसाने अशी बेधडक खोटी खात्री दिली, आणि जावयाने ती एका शब्दाने न तपासता घेतली.

तो बराच वेळ टेबलाशी वाकून बसला होता. स्क्रिप्ट साधी होती. काकांनी रिपोर्ट वाचायचा आणि सगळं ठीक असेल तर कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं. पुढची सगळी क्लिक माउस स्वतः करील, शेवटच्या 'हो'सकट. जे थांबवायचे ते थोडेच असतात, ते हातानेच थांबवा, जावई म्हणाला. स्क्रिप्ट चालू असताना एक काळी चौकट उघडी राही, तिच्यात हिरव्या अक्षरांत ओळी सरकत आणि ती प्रोग्रामच्या मोठ्या खिडकीमागे झाकलेली असे. निघताना त्याने बजावलं, 'बाबा, एकच करा. ही खिडकी कायम पूर्ण मोठी ठेवा. लहान करू नका, सरकवू नका.'

काका म्हणाले, बरं. आणि जावई जिना उतरतो न उतरतो तोच त्यांनी स्वतःला विचारलं, का बरं? खिडकी एवढी मोठी ठेवायला सांगतोय तो, म्हणजे तिच्यामागे काय झाकायचंय?

हात पुरता बरा झाला नाही, पण दोन दिवसांत हलका झाला. तुंबलेले रिपोर्ट निघून गेले, मॅडम खोलीत डोकावून वा म्हणून गेल्या. दुसरा कोणी असता तर त्याने जावयाच्या आवडीचं काहीतरी घरी नेलं असतं. काकांना मात्र सुख टोचू लागलं. हा मनुष्य फुकट एवढं का करतो? विक्रेता म्हणतो, पडताळणीला माणूस नको. जावई म्हणतो, माउस आपला आपण फिरतो. दोघं एकच भाषा बोलतात. एकदा दोन ठिपके जुळले की काकांना रेघ ओढल्याशिवाय चैन पडत नसे. हे दोघं आतून मिळालेले असणार. मी काय वाचतो, कधी पाठवतो, हे सगळं ती काळी चौकट लिहून घेत असणार, आणि एके दिवशी ती माझ्या खुर्चीवर बसणार. आयत्या बिळावर नागोबा. घरात एक झाला, आता कचेरीत दुसरा.

त्यांनी घरी जावयाला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या काळ्या चौकटीत काय येतं हो? तो म्हणाला, काही नाही बाबा, कुठलं क्लिक झालं त्याची ओळ येते. काही नाही म्हणतो म्हणजे काहीतरी आहे, असं काकांनी धरलं. बायको त्यांच्याकडे बघून म्हणाली, की पोराच्या ताटात बघणं सोडा आणि स्वतःची भाजी संपवा.

दुसऱ्या दिवशी काकांनी खिडकीचा उजवा कोपरा माउसने धरला आणि बोटभर आत ओढला. मागे काळ्या चौकटीची कड दिसली. त्यांनी रिपोर्ट वाचला, बटण दाबलं, सगळं नीट गेलं. म्हणजे खिडकी लहान केल्याने काही बिघडत नाही. मग मोठी ठेवायला का सांगितलं? संशयाला आणखी खत मिळालं. त्यानंतर रोज ते खिडकी थोडी जास्त आत ओढत. आधी अर्ध्या ओळी दिसत, मग पाऊण. एका दुपारी त्यांनी ती चांगली वीतभर आत सारली, तेव्हा कुठे काळी चौकट पुरती उघडी पडली. त्या दुपारी काकांनी रिपोर्ट पूर्वीसारखेच वाचले, त्यात कसूर केली नाही. पण बटण दाबलं रे दाबलं की नजर उडी मारून मागे जाई. क्लिक, क्लिक, क्लिक, झाले. हिरव्या ओळी सरकत राहिल्या आणि काका चोर पकडायला दबा धरून बसले. चोर काही सापडला नाही. उद्या बघू, असं म्हणून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकं भरली होती, लोक भिंतीला टेकून उभे होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच रंग. प्रत्येकाला निरोप गेला होता, डॉक्टरांना येऊन भेटा. एक बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. एक जाडा माणूस मोबाइलवर भावाशी बोलत होता, जुनं सगळं विसरून जा म्हणत होता. एक निवृत्त बसड्रायव्हर तर कपड्यांची पिशवीच भरून आले होते, भरती व्हायला सांगतीलच म्हणून. काउंटरवरच्या ताईने काकांना बाजूला ओढून सांगितलं, की काल दुपारचे सगळे रिपोर्ट थांबवलेले आहेत, आणि मोठे डॉक्टर म्हणतात यातल्या एकालाही काही झालेलं नाही.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. मॅडम पडताळणीच्या खोलीत उभ्याच होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, हे कसं झालं? आणि काकांच्या तोंडून, कित्येक दिवस तयार असल्यासारखं, बाहेर पडलं: माझ्या जावयाने मशिनीत काहीतरी घालून ठेवलंय, मला संशय होताच.

मॅडमनी जावयाला बोलवायला सांगितलं. तो आला तो घरच्या चपलांतच. त्याने वाद घातला नाही, की काकांकडे रागाने पाहिलं नाही. एक खोटा, चाचणीचा रिपोर्ट स्क्रीनवर आणला आणि म्हणाला, बाबा, रोज करता तसं करून दाखवा. काका खुर्चीवर बसले. बसल्याबरोबर त्यांचा हात आपसूक खिडकीच्या कोपऱ्याकडे गेला आणि त्यांनी खिडकी वीतभर आत ओढली. त्यांनी रिपोर्ट वाचला, बटण दाबलं, आणि आज सगळे बघत होते म्हणून त्यांनीही खिडकीकडेच बघितलं. खिडकी लहान झाली तशी खालची 'पाठवा' आणि 'थांबवा' ही दोन्ही बटणं डावीकडे सरकली होती. माउस 'पाठवा'च्या जुन्याच जागी गेला आणि तिथे आता 'थांबवा' उभं होतं. मधली छोटी चौकट क्षणभर उघडली. नक्की थांबवायचे? माउसने 'हो' म्हटलं.

काल दर वेळी ती चौकट विचारत होती, आणि दर वेळी काका मागच्या काळ्या चौकटीकडे बघत होते. त्यांना शरम वाटली, आणि तिच्याहून जास्त भीती वाटली, कारण आता जावई तोंड उघडणार होता. मी बजावलं होतं, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

जावई मॅडमना म्हणाला, 'चूक माझी आहे. मी जागा स्क्रीनच्या कोपऱ्यापासून मोजून ठेवली. खिडकी लहान-मोठी होऊ शकते हे मी धरायला हवं होतं, बटणाला त्याच्या नावाने शोधायला हवं होतं. यांचा काही दोष नाही. आणि तुमची परवानगी मीच घ्यायला हवी होती.'

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसू लागले. मग मॅडमनी एक सुस्कारा सोडला, स्क्रिप्ट आत्ताच्या आत्ता काढून टाकायला सांगितलं आणि काकांना म्हणाल्या, की बाहेर जाऊन लोकांना तुम्हीच समजावा, तुम्ही इथले जुने आहात, तुमचं ऐकतील. खुर्ची वाचली होती. काकांचा जीव भांड्यात पडला आणि पडल्यापडल्या त्यांनी विचार केला, हा माझ्यासाठी खोटं का बोलला? याला काय हवंय?

बाहेर काकांनी हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, की मशिनीत थोडा बिघाड होता, तुम्ही सगळे ठणठणीत आहात, खुशाल घरी जा. काही उठले. जाड्या माणसाने भावाला परत फोन करायचा की नाही यावर जरा विचार केला. बसड्रायव्हर मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिले. ते म्हणाले, मशीन एकाच दुपारी एवढ्या लोकांचं बिघडतं होय? माझ्या बायकोलाही असंच हसत सांगितलं होतं, काही नाही म्हणून. तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकांनी रिपोर्ट छापून हातात दिला. ड्रायव्हरनी तो उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, हा माझाच कशावरून? मोठे डॉक्टर स्वतः येऊन बोलून गेले. ड्रायव्हर म्हणाले, आता तर डॉक्टरही आले, म्हणजे मोठंच काहीतरी आहे. त्यांनी पिशवीचा बंद आणखी घट्ट धरला. परगावचा मुलगा सकाळीच निघाला आहे, असं त्यांनी कोणालाही न उद्देशून सांगितलं.

काका समोर उभे होते आणि त्यांना त्या माणसाचं एकूण एक कळत होतं. हसून सांगितलं तर लपवतायत, कागद दाखवला तर बदललाय, मोठा माणूस आला तर प्रकरण गंभीर. असल्या माणसाला गोड बातमी पटत नाही. सांगणाऱ्याला जड जाईल तीच गोष्ट त्याला पटते, हे काकांइतकं कोणाला ठाऊक असणार? काउंटरपाशी मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी जावई, घरी परतायच्या तयारीत. काकांनी एकदा त्या दोघांकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरांच्या शेजारी बाकावर बसले.

'मशीन बिघडलं नव्हतं,' ते म्हणाले. 'मी बिघडवलं. माझा हात दुखतो, ते मी सगळ्यांपासून लपवलं. जावयाकडून क्लिक करणारी स्क्रिप्ट करून घेतली आणि मॅडमना विचारलंय असं त्याला खोटं सांगितलं. त्याने सांगितलं होतं, खिडकी लहान करू नका. मला वाटलं तो माझी खुर्ची काढून घ्यायला बसलाय, म्हणून मी खिडकी लहान करून त्याच्यावर पहारा करत बसलो. तुमचा रिपोर्ट मी वाचला होता. चांगला होता. तो कुठे चाललाय, तेवढं मी बघितलं नाही.'

ड्रायव्हरनी काकांचा चेहरा नीट न्याहाळला, मग काउंटरकडे वळून मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा पाहून त्यांची खात्री पटली. 'आता तुमची नोकरी जाणार,' ते म्हणाले. बहुधा, असं काका म्हणाले. तेव्हा ड्रायव्हरनी पिशवी खाली ठेवली, मोबाइल काढला आणि मुलाला सांगितलं, 'परत फिर रे. मी बरा आहे.' आणि मग त्यांना रडू आवरेना.

मॅडमनी काकांना आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, की हात दुखतो हे सांगितलं असतंत तर मी मदतीला माणूस दिला असता. खिडकीचं मी समजू शकते, स्क्रिप्टचंही. पण मी तुम्हाला ठेवलं होतं ते डोळ्यासाठी, आणि तो डोळा भलतीकडेच होता. नोकरी राहील, नमुन्यांच्या बाटल्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या खोलीत जागा आहे. ती खुर्ची मात्र तुम्हाला परत देता येणार नाही. विक्रेत्याला बोलवावं लागेल. काकांनी मान हलवली. त्यांनी टेबलावरून चष्म्याचं घर उचललं आणि उजव्या हातात धरवेना म्हणून डाव्या हातात घेतलं.

जावई फाटकापाशी स्कूटर काढून उभा होता. काका मागे बसले. घराच्या अलीकडच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर काकांनी पाठीमागून विचारलं, की तुम्ही मला सांगितलं होतंत, मग मॅडमना तसं का म्हणाला नाहीत? माझ्यासाठी खोटं का बोललात?

'खोटं नाही बोललो, बाबा,' जावई मागे न वळता म्हणाला. 'ज्याच्यासाठी लिहायचं त्याचा स्वभाव आधी धरायचा असतो. मी तुमच्या घरात राहतोय. नको म्हटलं की तुम्ही ते करून बघणार, हे मला माहीत होतं. तरी मी नुसतं तोंडी सांगून निघून आलो.'

सिग्नल सुटला. त्या बोलण्यात टोमणा कुठे लपलाय, हे काकांनी सवयीने शोधून पाहिलं. होता. त्यांनी तो मुकाट्याने घेतला आणि तोल सांभाळायला जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.